आजीला बंद केलेली गोळी नातीला रोज कशी काय चालते?

देवगडकडच्या एका ताईंनी विचारलंय. बाकीच्यांना कळावं म्हणून त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. मुलगी सहा वर्षांची, वजन जेमतेम १४ किलो, आठव्या महिन्यातच झाली, गरोदरपणात पोटात पाणी खूप वाढलं होतं. आता सतत तहान, सतत लघवी, रात्री तीन-चारदा उठते, आणि मिठाचं वेड एवढं की खारातल्या कैऱ्यांची बरणी उघडली की कैरी राहिली बाजूला, वरचा खारच वाटीत ओतून पिते. पोटॅशियम २.६ आलं म्हणून मुंबईला नेली, तिथे बार्टर सिंड्रोमचं, म्हणजे किडनीतून मीठ वाहून जाण्याच्या जन्मजात आजाराचं, निदान झालं. बीपी आणि मीठ सांभाळणाऱ्या रसायनांपैकी रेनिन नॉर्मलच्या कितीतरी पट, अल्डोस्टेरॉन थोडंसंच वर, बीपी मात्र ८८/५४. औषधांत मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड आहे, आणि त्याच्या जोडीला इंडोमेथासिन, म्हणजे संधिवाताला देतात ते दुखण्याचं औषध. घरात सासूबाईंना बीपी, त्यांना डॉक्टरांनी बजावून ठेवलंय की दुखण्याची गोळी घ्यायची नाही, किडनी जाईल. त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं, "माका एक गोळी घेवक देत नाय, आणि ह्या चेडवाक रोज तीन वेळा तीच गोळी?" ताईंनाही ते पटलंय आणि गेले दोन दिवस त्यांनी औषध दिलेलं नाही.

ताई, आधी हे करा, आजच तुमच्या मुंबईच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की दोन दिवस औषध बंद आहे, आणि परत सुरू कसं करायचं ते त्यांच्याकडून ऐका. मी मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे डोस किती, चालू ठेवायचा की नाही हे मी इथून सांगणार नाही, ते बरोबरही होणार नाही. पण सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि गेली वीसेक वर्षं किडनीचे पेशंट बघताना हाच प्रश्न मला वेगवेगळ्या घरांतून आलाय, त्यामुळे त्याचं उत्तर नीट देतो.

लोकांना वाटतं ही गोळी आजीत एक काम करते आणि नातीत दुसरंच. तसं नाहीये. दोघींच्या अंगात ती एकच काम करते, किडनीला मीठ धरून ठेवायला लावते. आजीच्या अंगात मीठ-पाणी आधीच जास्त, तिला ते बाहेर टाकायचंय, म्हणून तिला गोळी नको. नातीच्या अंगातून मीठ रात्रंदिवस वाहून चाललंय, तिला ते धरायचंय, म्हणून तिला हवी. आता हे कसं होतं ते बघू.

मोठ्या माणसाच्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळपास सगळं परत आत घेतात, लघवी म्हणून दीड-दोन लिटरच बाहेर येतं. पाणी परत घ्यायचं म्हणजे आधी मीठ परत घ्यावं लागतं. किडनीतल्या बारीक नळीचा एक चढता भाग आहे, तो एकटाच गाळलेल्या मिठातलं साधारण पाव मीठ परत घेतो. बार्टरमध्ये जन्मापासून हाच भाग नीट चालत नाही, कारण मीठ आत ओढणारा तिथला पंप तरी बिघडलेला असतो नाहीतर त्याला साथ देणारा पोटॅशियमचा किंवा क्लोराइडचा मार्ग. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, सुजेला आणि बीपीला आपण जी फ्युरोसेमाइडची लघवीची गोळी देतो ती नेमका हाच पंप बंद करते. म्हणजे तुमची मुलगी पोटात असल्यापासून रोज लघवीची गोळी घेतल्यासारखी जगतेय. गरोदरपणात पाणी वाढलं होतं ते म्हणजे बाळाची लघवीच होती.

आता त्या चढत्या नळीच्या टोकाला काही पेशी असतात, त्यांचं काम फक्त राखणदाराचं. समोरून जाणाऱ्या पाण्यात मीठ किती आहे ते त्या चाखत बसतात. मीठ कमी लागलं की त्या हाक देतात, अंगात पाणी-मीठ कमी पडलंय, बीपी सांभाळा. ती हाक म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन. ती ऐकून शेजारच्या पेशी रेनिन सोडतात, रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन नळीच्या पुढच्या भागात मीठ आत ओढतं, पण त्याच्या बदल्यात पोटॅशियम आणि आम्ल बाहेर फेकतं. तुमच्या मुलीचं पोटॅशियम २.६ झालं त्यात मोठा वाटा या शेवटच्या पायरीचा.

बार्टरमध्ये अडचण अशी की राखणदार मीठ चाखतो ते त्याच बिघडलेल्या पंपाच्या जिभेने. समोरून मीठ भरपूर वाहत असलं तरी त्याला ते लागतच नाही. तो ओरडत सुटतो, रात्रंदिवस, प्रोस्टाग्लँडिनवर प्रोस्टाग्लँडिन. रेनिन आकाशाला भिडतं. शिवाय या प्रोस्टाग्लँडिनमुळे नळी आणखी मीठ सोडते आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणजे चक्र आणखी जोरात फिरतं. इंडोमेथासिन काय करतं, तर प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम अडवतं. हाक बंद, मग रेनिन खाली येतं, अल्डोस्टेरॉन खाली येतं, पोटॅशियमची गळती कमी होते, लघवी कमी होते. बिघडलेला पंप काही त्याने दुरुस्त होत नाही, हे लक्षात ठेवा.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे आणि पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. राखणदाराची ओरड अर्धी खोटी असली तरी अर्धी खरी आहे. जीभ बिघडलीय हे खरं, पण अंगातलं मीठही खरोखरच गेलेलं असतं. म्हणून त्याचं तोंड बंद करायचं असेल तर आधी अंगात मीठ-पाणी भरलेलं पाहिजे. मीठ न भरता नुसती गोळी दिली तर बीपी सांभाळायची एक वाट आपणच बंद केली असं होतं.

हे काही कालपरवाचं नाही. फ्रेडरिक बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली अमेरिकेत दोन पेशंटचं वर्णन केलं, एक ५ वर्षांचा आणि एक २५ वर्षांचा. पोटॅशियम कमी, अल्डोस्टेरॉन जास्त, रेनिन सोडणाऱ्या पेशींची गर्दी, आणि बीपी नॉर्मल. तेव्हाच्या डॉक्टरांना ते कोडंच होतं, कारण अल्डोस्टेरॉन जास्त म्हणजे बीपी जास्त हेच सगळ्यांना माहीत. अँजिओटेन्सिन बाहेरून देऊन बघितलं तरी या पेशंटचं बीपी फारसं चढेना. मग १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात, त्यासाठी १९८२ साली त्यांना नोबेलही मिळालं. आणि १९७६ साली बार्टर स्वतः ज्यात होते त्या गटाने दाखवलं की या पेशंटच्या लघवीत प्रोस्टाग्लँडिन वाढलेलं असतं आणि इंडोमेथासिन दिलं की रेनिन उतरतं. म्हणजे ताई, तुमच्या मुलीला हे औषध कोणी अंदाजाने दिलेलं नाही, जवळपास ५० वर्षांचा अनुभव आहे त्यामागे.

आता आजींकडे येतो. त्यांच्या अंगात पंप ठणठणीत आहे. वयामुळे, बीपीमुळे किडनीकडे येणारी रक्तवाहिनी जरा आवळलेली असते आणि तिला उघडं ठेवण्याचं काम हेच प्रोस्टाग्लँडिन करत असतं. दुखण्याची गोळी घेतली की ते थांबतं, किडनीला रक्त कमी पोचतं, मीठ-पाणी अंगात राहतं, पायाला सूज येते, बीपी सरासरी ५ पॉइंट तरी वर जातं, कोणाकोणाचं बरंच जास्त. त्यात त्या बीपीची गोळी म्हणून रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन घेत असतील, वर लघवीची गोळी असेल, आणि तिसरी ही दुखण्याची, तर या तिघींची मिळून किडनी एका आठवड्यात बसलेली मी बघितलीय, शिमग्यात नाचून गुडघे दुखले म्हणून चार दिवस गोळ्या खाल्लेल्या होत्या, बस एवढंच कारण. आजींच्या रेनिनवरही ही गोळी तसंच काम करते, खाली आणते, पण त्यांच्यात त्यामुळे पोटॅशियम वर चढतं, आणि मधुमेह असेल तर कधीकधी धोक्याच्या पातळीला. नातीचं कमी असलेलं पोटॅशियम वर आणायला जो परिणाम आपल्याला हवाय तोच आजीला नडतो. तेव्हा सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी तुम्हाला बरोबर सांगितलंय आणि नातीच्या डॉक्टरांनीही बरोबरच दिलंय.

रिपोर्टबद्दल तुम्ही विचारलंय की रेनिन एवढं जास्त आणि अल्डोस्टेरॉन थोडंच कसं, लॅबची चूक का. चूक असेलच असं नाही. अल्डोस्टेरॉनला दोन लगाम असतात, एक अँजिओटेन्सिनचा आणि एक पोटॅशियमचा. पोटॅशियम खूप कमी असलं की ग्रंथी हात आखडता घेते. त्यामुळे २.६ पोटॅशियमला "थोडंसंच वर" असलेलं अल्डोस्टेरॉन हे खरं तर बरंच जास्त समजायचं. उद्या पोटॅशियम सुधारलं आणि अल्डोस्टेरॉनचा आकडा वाढला तर आजार बळावला असं समजून घाबरू नका.

रेनिनच्या सॅम्पलची मात्र आपल्याकडे खरंच पंचाईत होते. आपल्या भागातून सॅम्पल मुंबईला जातं, आणि प्रत्येकाला वाटतं बर्फात घालून पाठवलं म्हणजे चांगलं. रेनिनचं उलटं आहे. रक्त थंड झालं की त्यातलं झोपलेलं प्रोरेनिन, म्हणजे रेनिनचं कच्चं रूप, जागं होतं आणि आकडा खोटाच वाढतो. सॅम्पल साध्या तापमानाला ठेवून लगेच प्लाझ्मा वेगळा करायचा आणि मग एकदम गोठवायचा, मधल्या वेळात आइसपॅकवर ठेवायचं नाही. पोटॅशियमचंही तसंच, लहान मुलाचा हात घट्ट बांधून, सुई आतबाहेर करून रक्त काढलं की रक्तपेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येऊन २.६ चं ३.४ दिसतं, सगळे खूश, आणि पोर मात्र लुळं पडलेलं. रिपोर्ट आणि मूल जुळत नसेल तर मी सॅम्पल परत घेतो. आणि एक, इंडोमेथासिन चालू असताना रेनिन कमीच येणार, ते औषधाचं काम आहे, टेस्टसाठी म्हणून औषध स्वतः बंद करू नका.

औषध लागू पडतंय की नाही हे मी रेनिनच्या आकड्यावर बघत नाही. आईला विचारतो, रात्री किती वेळा उठते, भरलेली बाटली उशाशी घेऊन झोपते का अजून, शाळेतून आल्यावर खेळायला जाते का तशीच पडून राहते. बहुतेक घरांत रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्याचं आईला पहिल्या काही दिवसांतच कळतं. वजन-उंचीला महिने लागतात, पण तीच खरी परीक्षा. पोटॅशियम ३ च्या आसपास टिकलं तरी मी समाधानी असतो, ४ करायच्या मागे लागलो तर औषधं इतकी वाढतात की पोट बिघडतं आणि मूल ओकून सगळंच टाकतं. बीपी प्रत्येक भेटीला मोजायचं, आणि लहान मुलांच्या कफने, मोठ्या माणसाचा पट्टा गुंडाळला तर आकडा खोटाच कमी येतो. इंडोमेथासिनवर या मुलांचं बीपी चढल्याचं मी क्वचितच पाहिलंय, पण मोजतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, सुरुवातीला लवकर आणि नंतर दर काही महिन्यांनी, आणि अधूनमधून सोनोग्राफी, कारण बार्टरच्या काही प्रकारांत किडनीत कॅल्शियम साठतं.

मिठावरून मुलीला ओरडताय का? ओरडू नका. तिचं शरीर तिला बरोबर सांगतंय. आपल्या घरात खार, सोलकढी, मीठ घातलेली पेज, आमसुलाचं सार हे सगळं आहेच, ते तिचं औषध समजा, डॉक्टरांनी सांगितलेलं मिठाचं प्रमाण वेगळं. आणखी कोणी मीठ जास्त खाल्लं तर किडनी खराब होते म्हणेल, तर ते त्यांच्या किडनीबद्दल खरं आहे, तिच्या नाही. फक्त काही प्रकारांत मिठाबरोबर लघवीही खूप वाढते आणि रक्तात सोडियम चढतं, म्हणून मीठ वाढवताना सोडियम तपासून वाढवायचं, आणि पाणी कधी अडवायचं नाही. शहाळ्याबद्दल सगळेच विचारतात. शहाळ्यात पोटॅशियम चांगलं असतं, जरूर द्या, पण मीठ फार थोडं. या मुलांना पोटॅशियम हवं ते क्लोराइडबरोबर, क्लोराइड नसेल तर दिलेलं पोटॅशियम लघवीतून तसंच निघून जातं. म्हणून पोटॅशियम क्लोराइडचं औषध चवीला वाईट असलं तरी त्याच्या जागी शहाळं किंवा दुकानदाराने दिलेलं पोटॅशियम सायट्रेटचं सरबत चालणार नाही. नाव नीट वाचून घ्या, बाटल्या सारख्या दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मी शिकलो ते एका मुलाच्या जिवावर, आणि चूक माझी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या एका गावातला मुलगा, साधारण तुमच्या मुलीच्याच वयाचा, इंडोमेथासिनवर छान सुधारला होता. त्याच्या आईला मी बजावून सांगितलं होतं, एकही डोस चुकवायचा नाही. जूनमध्ये पहिल्या पावसात गावात जुलाबाची साथ आली. मुलगा दोन दिवस ओकत होता, जुलाब होत होते, आणि ती माउली माझं ऐकून दर आठ तासांनी चमच्याने औषध देत राहिली, ओकला की परत देत राहिली. लघवी होतेय म्हणून कोणी घाबरलं नाही. तिसऱ्या दिवशी लघवी थांबली तेव्हा माझ्याकडे आणला, डोळे खोल गेलेले, हातपाय गार, क्रिएटिनिन ०.५ चं ३.२ झालेलं. सलाईन दिली, औषध बंद केलं, आठवड्याभरात किडनी परत आली, पण ते तीन दिवस मी विसरलेलो नाही. मी तिला द्यायचं कधी ते सांगितलं होतं, थांबवायचं कधी ते सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक पेशंटच्या फाइलवर पहिल्या पानाला मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं असतं की उलट्या, जुलाब, जोराचा ताप किंवा खाणं-पिणं बंद असेल त्या दिवशी इंडोमेथासिन द्यायचं नाही, लगेच फोन करायचा. तुमच्या डॉक्टरांना विचारून तुम्हीही असं लिहून घ्या. कारण वर सांगितलं तेच, अंगात पाणी असेल तर ही गोळी औषध आहे. पाणी आटलं की मग किडनीला रक्त पोचवायला तिला प्रोस्टाग्लँडिन खरंच लागतं, नातीलाही, आजीसारखंच. म्हणजे जुलाबाच्या दिवशी नातीची किडनी आजीच्या किडनीसारखी होते, असं समजा.

आणि लघवीवर विश्वास ठेवू नका. साधं पोर असेल तर आपण म्हणतो लघवी होतेय ना, मग पाणी कमी पडलेलं नाही. बार्टरच्या मुलाला ते लागू नाही, त्याची किडनी अंग सुकलं तरी पाणी सोडतच राहते. वजनकाटा घ्या घरात. रोजचं वजन माहीत असलं आणि एका दिवसात अर्धा-पाऊण किलो कमी दिसलं तर १४ किलोच्या मुलीत ते खूप झालं, वाट बघायची नाही. ओआरएस द्या, पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवून, पण ओकत असेल तर घरी बसू नका, सलाईन लागेल आणि पोटॅशियम सारखं तपासावं लागेल. तालुक्याच्या गावी नवीन डॉक्टर असतील तर त्यांना फाइल दाखवून तीन गोष्टी सांगा: बार्टर आहे, इंडोमेथासिनवर आहे, पोटॅशियम कमी असतं. कारण उलटीचं ऑनडॅनसेट्रॉन, अझिथ्रोमायसिन असली साधी वाटणारी औषधं पोटॅशियम कमी असताना हृदयाच्या ठोक्यांना त्रास देऊ शकतात, डॉक्टरांना माहीत असलं की ते ईसीजी बघून ठरवतील. सलाईन लावताना लघवी जास्त व्हावी म्हणून कोणी फ्युरोसेमाइड दिलं तर नाही म्हणा, तिच्यात तो पंप आधीच बंद आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे आणखी एक भीती असते, लेप्टोची. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखतायत, की दुकानातून आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक आणायचं ही सवय. लेप्टो स्वतःच किडनीवर जातो, त्यात या गोळ्या म्हणजे आगीत तेल. तुमच्या मुलीला तर आधीच एक चालू आहे, दुसरी त्याच जातीची कधीच नको, इंजेक्शनसुद्धा नको. तापाला पॅरासिटामॉल, ते या कुळातलं नाही. पण ताप आला तर फोन आधी.

पोटाचं सांगतो. इंडोमेथासिन पोटाला लागतं. रिकाम्या पोटी देऊ नका, पेजेबरोबर, भाताबरोबर द्या. पोटात दुखतंय, शी काळी डांबरासारखी होतेय, रक्ताची उलटी, तर औषध थांबवून लगेच दाखवा. पोट सांभाळायला आम्ही जोडीला अ‍ॅसिडिटीचं औषध देतो, पण ओमेप्रॅझोलसारखी औषधं खूप महिने चालली तर मॅग्नेशियम कमी करतात, ते अधूनमधून बघायला हवं. कॅप्सूल २५ मिलिग्रॅमची येते आणि १४ किलोच्या मुलीला एका वेळी ती अख्खी बहुतेक लागत नाही, मग घरी कॅप्सूल फोडून अंदाजे अर्धी-पाव करतात, ते नको, औषधवाल्याकडून मोजून पुड्या करून घ्या. ७५ ची एसआर कॅप्सूल तर मुळीच फोडायची नाही, ती हळूहळू सुटावी म्हणून बनवलेली असते. वजन वाढलं की डोस परत ठरवावा लागतो, त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर वर्षभर औषध घेत राहू नका.

कायम घ्यावं लागेल का, हे परिस्थितीवर आहे. लहानपणी, वाढ खुंटलेली असताना याचा उपयोग सगळ्यात जास्त. मूल मोठं होऊन स्थिर झालं, मीठ-पोटॅशियम नीट घेतंय, वाढ चांगली आहे, तर मी हळूहळू कमी करून बघतो, कोणाचं सुटतं, कोणाचं नाही. किती वर्षं दिलं की किडनीला किती त्रास, यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत, कारण बार्टर स्वतःच काहींची किडनी हळूहळू खराब करतो, मग दोष औषधाचा की आजाराचा हे सांगणं कठीण जातं. जीन टेस्ट झाली नसेल तर जमेल तेव्हा करून घ्या, प्रकार कळला की पुढचं ठरवणं सोपं जातं. एका प्रकारात ऐकूही येत नाही, म्हणून कानांची तपासणी करून घ्या.

या प्रश्नाखाली आणखी एकाने लिहिलंय की त्याला गिटेलमन आहे, तोही बार्टरचा भाऊच, मग त्यानेही ही गोळी घ्यावी का. भाऊ आहे पण सख्खा नाही. गिटेलमनमध्ये बिघाड नळीच्या पुढच्या भागात असतो, बीपीची थायझाइड गोळी जो पंप बंद करते तो. राखणदाराची जीभ तिथे शाबूत असते, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनची ती ओरड सहसा नसते. रेनिन वाढतं, पण ते खरोखर मीठ गेल्यामुळे. तरीही गोळीने पोटॅशियम थोडं वाढतं. फ्रान्समध्ये ३० पेशंटना आळीपाळीने ६-६ आठवडे इंडोमेथासिन आणि पोटॅशियम राखणारी अमिलोराइड आणि एप्लेरेनोन ही औषधं देऊन बघितलं, २०१५ साली ते छापून आलं, त्यात इंडोमेथासिनने पोटॅशियम सगळ्यात जास्त वाढलं, सरासरी ०.३८, पण पोटाचा त्रास आणि किडनीचं काम थोडं कमी होणं हेही त्याच्याच वाट्याला जास्त.

माझा एक गिटेलमनचा पेशंट ट्रॉलरवर खलाशी आहे. हातापायात गोळे यायचे, जाळं ओढताना बोटं आखडून उघडायची नाहीत, बंदरावर उतरला की प्रत्येक दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन. पोटॅशियम २.३, मॅग्नेशियमही कमी, लघवीत कॅल्शियम जवळजवळ नाही. कागदावर त्याला इंडोमेथासिन देता आलं असतं. मी नाही दिलं. चार-पाच दिवस समुद्रात, एप्रिल-मेचं ऊन, घाम, पिण्याचं पाणी मोजकं, आणि काही झालं तर किनारा आठ तास लांब. अशा माणसाचं प्रोस्टाग्लँडिन अडवायचं धाडस मला झालं नाही. मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोराइड आणि भरपूर मीठ यावरच ठेवला, बोटीवर त्याच्यासाठी वेगळा पाण्याचा कॅन असतो आता. पोटॅशियम २.९-३.० च्या वर जात नाही, पण गोळे गेलेत, काम करतो. हाच माणूस ऑफिसात बसणारा असता तर कदाचित वेगळं ठरवलं असतं. त्यामुळे तुम्ही काय काम करता, कुठे राहता, दवाखाना किती लांब आहे हे डॉक्टरांना सांगा, ते डोसइतकंच महत्त्वाचं आहे.

ताई, शेवटचं एक घरातलं. आजींच्या बीपीच्या गोळ्या आणि मुलीच्या पुड्या एकाच डब्यात ठेवत असाल तर आजच वेगळ्या करा. गुडघा ठणकला की "सांधेदुखीचीच तर आहे" म्हणून आजींनी नातीची पुडी किंवा कॅप्सूल घेतली, असं मी एका घरात पाहिलंय, आणि आजींची रामिप्रिल किंवा लघवीची गोळी चुकून मुलीच्या पोटात गेली तर ८८ चं बीपी कुठे जाईल सांगता येत नाही. मुलीचं औषध वरच्या फळीवर, झाकणावर तिचं नाव लिहून. आणि सासूबाईंच्या गुडघ्याचंही काहीतरी बघा, त्यांना नुसतं "घेऊ नका" सांगून भागणार नाही, दुखणं तर आहेच. त्यांच्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, शेक, मांडीचे व्यायाम, आणि न्हाणीघरात खाली बसण्याऐवजी एक स्टूल, एवढ्याने माझ्या बऱ्याच आज्यांचं निभावतं.